मोजमापाआधीच्या बारा ओळी

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची एखाद्या दिवसाची संगणकीय फाइल उघडली, तर पहिल्या बारा ओळींत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे एकही मोजमाप दिसत नाही. फाइल कोणत्या पद्धतीने लिहिली आहे, माहिती कोणी पुरवली, ठाण्याचे नाव, त्याची तीन अक्षरी खूण (अलिबागची ए-बी-जी), अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, कोणते घटक दिले आहेत, संवेदक कोणत्या दिशांना लावलेले आहेत, वाचन किती वेळाने घेतले, दोन नोंदींत अंतर किती, आणि शेवटी हे आकडे तात्पुरते आहेत की अंतिम. अशा बारा ओळी, प्रत्येकीच्या सत्तराव्या घरात एक उभी रेघ. जगभरच्या वेधशाळा ‘आयएजीए-२००२’ या नावाची ही मांडणी पाळतात. आकडे त्याच्या खाली सुरू होतात, मिनिटाला एक ओळ, म्हणजे दिवसाला १,४४०.

बहुतेक वाचक त्या बारा ओळी ओलांडून खाली जातात. मी काही दिवस वरच थांबलो, कारण खालच्या आकड्यात एखादी चूक शिरली तर शेजारचे आकडे ती उघडी पाडतात. वरच्या ओळीत चूक झाली तर खालचे सगळे आकडे एकमेकांशी जुळतात आणि तरी खोटे ठरतात.

सर्व्हरची देखभाल करणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. सर्व्हरच्या पेटीत मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटा नियंत्रक असतो. पेटीत कोणते पंखे, कोणते वीजपुरवठ्याचे भाग, कोणत्या क्रमांकाची पाटी बसवलेली आहे, याची यादी तो बाळगतो, आणि तापमान, दाब, फेरे यांची वाचने घेतो. १९९८ साली आलेल्या आयपीएमआय या प्रमाणपद्धतीत संवेदकाचे वाचन मुळात शून्य ते २५५ यांमधला नुसता एक कच्चा आकडा असतो. त्याला कशाने गुणायचे आणि त्यात काय मिळवायचे, हे त्या संवेदकाच्या नोंदपत्रात लिहिलेले असते. पंखा बदलला आणि नोंदपत्र जुनेच राहिले, तर पडद्यावर दिसणारा आकडा त्या पेटीतल्या कोणत्याच पंख्याचा नसतो. म्हणून यादी ताजी करायची, मग वाचन पडताळायचे. आपल्या सरकारी कचेऱ्यांत डेडस्टॉक रजिस्टर नावाची जी कंटाळवाणी वही असते, तिचेच हे भावंड.

याच प्रश्नाचे फार जुने आणि फार मोठे उदाहरण शोधताना माझ्या हाती दोन भागांचा एक ग्रंथ आला. मुंबईच्या सरकारी वेधशाळेत १८४६ ते १९०५ या साठ वर्षांत झालेली चुंबकीय निरीक्षणे नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी संकलित केली, आणि १९१० साली ती प्रसिद्ध झाली. मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. १८९६ पासून १९१९ पर्यंत वेधशाळा त्यांच्या हाती होती. दुसऱ्या भागात त्यांनी आकड्यांचा अर्थ लावला आहे, आणि अभ्यासक बहुधा तोच भाग उल्लेखतात. मला थांबवले ते पहिल्या भागाच्या मथळ्याने. मराठीत सांगायचे तर: चुंबकीय आकडे आणि उपकरणे. दोन्ही एकाच बांधणीत. साठ वर्षांचे वाचन छापायचे तर ज्या लोखंडाने आणि काचेने ते वाचले त्यांचा हिशेब सोबत द्यायला हवा, एवढी गोष्ट मथळ्यातच ठरलेली आहे.

पुढे जाण्याआधी एक सापळा मोकळा करतो, कारण मी स्वतः त्यात एकदा पाय घातला. मराठी कागदांत ‘कुलाबा’ हा शब्द दोन ठिकाणांसाठी येतो. एक मुंबईच्या दक्षिण टोकाचा कुलाबा, जिथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली, ती ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. दुसरा अलिबागच्या समुद्रातला किल्ला, ज्याच्यावरून सबंध जिल्ह्याला कुलाबा जिल्हा हे नाव पडले. पेण, रोहा, अलिबाग हे तालुके त्या जिल्ह्यातले. १ जानेवारी १९८१ रोजी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. इंग्रजी कागदांत या दोन नावांचे पहिले अक्षर वेगळे लिहीत, म्हणून तिथे फरक राहतो. देवनागरीत तो पुसला जातो. त्यामुळे एखाद्या मराठी टिपणात नुसते ‘कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा’ असे आले, तर ती १९०४ पूर्वीची मुंबईतली, की त्यानंतरची जिल्ह्याच्या ठाण्याची, हे तारखेवाचून ठरत नाही. ठाण्याचे नाव, अक्षांश, रेखांश या तिन्ही ओळी वेगवेगळ्या का मागितल्या जातात, हे मला या घोळात नीट कळले.

मुंबईच्या कुलाब्यात चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली १८४१ साली. मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत खगोल शिकवणारे आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार त्या वेळी प्रमुख होते. त्या दशकात युरोपीय शास्त्रज्ञांच्या आग्रहाने जगभर एकसारखी उपकरणे ठेवून एकसारखे वाचन घेण्याची मोहीम चालू होती. टोरांटो, सेंट हेलेना, केप आणि होबार्ट इथे ब्रिटिश सरकारने, तर मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई इथे कंपनीने ठाणी उघडली. कुलाब्यातला चुंबकमापक डब्लिनच्या टॉमस ग्रब यांच्या कारखान्यातला होता. १८४१ ते १८४५ मधली निरीक्षणे तुटक आहेत. १८४६ पासून मात्र सलग मालिका मिळते, आणि मूस यांनी आरंभ तिथूनच का धरला ते आपोआप उलगडते. आधीची पाच वर्षे त्यांनी सोडली, आणि ही निवड मला त्यांच्या सगळ्या निष्कर्षांइतकीच बोलकी वाटते.

या पहिल्या पर्वात दोन मराठी नावे वेधशाळेशी जोडलेली आहेत. बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ तिचा कारभार पाहिला. आणि केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले केरूनाना, तरुणपणी तिथे साहाय्यक होते. केरूनानांचा जन्म १८२५चा, अलिबागजवळच्या नागावचा. नागावचा मुलगा खाडी ओलांडून कुलाब्याला वाचन घ्यायला गेला, आणि सहा दशकांनी तीच वाचने त्याच्या तालुक्यात आली. या योगायोगाला पुराव्यात काही वजन नाही, पण टिपणे काढताना तो मनातून जात नाही.

आता या मालिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध पानाकडे येऊ. १८५९ सालची निरीक्षणे लेफ्टनंट फर्ग्युसन या आरमारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाली आणि पुढच्या वर्षी मुंबईत छापली गेली. त्या वर्षी १ सप्टेंबरला, ग्रीनिचच्या घड्याळात ११ वाजून १८ मिनिटांनी, रिचर्ड कॅरिंग्टन यांना इंग्लंडमध्ये सूर्यबिंबावर पांढऱ्या प्रकाशाचा झोत दिसला. रिचर्ड हॉजसन यांनी तो स्वतंत्रपणे पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघाले. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे कुलाब्यात तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ चढत होती. युरोपची रात्र सरत होती, आणि आपल्याकडे माणूस टेबलाशी बसलेला होता.

त्याच्यासमोर काय होते ते पाहणे भाग आहे. क्षितिजसमांतर बल मोजणाऱ्या उपकरणात एक चुंबक दोन समांतर धाग्यांनी टांगलेला असतो. धाग्यांना पीळ देऊन चुंबक उत्तर-दक्षिण दिशेपासून फिरवून आडवा धरतात. पृथ्वीचे बल त्याला परत ओढू पाहते, पीळ त्याला धरून ठेवतो. पृथ्वीचे बल कमी झाले, की पीळ जिंकतो आणि चुंबक किंचित फिरतो. निरीक्षक दूर बसून दुर्बिणीतून मापपट्टीवरचा विभाग वाचतो. म्हणजे तक्त्यात उतरतो तो चुंबकीय बलाचा आकडा नव्हे; उतरतात ते मापपट्टीचे विभाग. एका विभागाचे मोल किती, हे त्या चुंबकाच्या ताकदीवर आणि धाग्यांवर ठरते. शिवाय चुंबक तापला की त्याची ताकद उतरते, म्हणून शेजारी तापमापक हवा आणि दर अंशाला किती दुरुस्ती करायची तो आकडा हवा. कच्चा आकडा, गुणक, मिळवणी: सर्व्हरच्या नोंदपत्रात जे आहे तेच इथे आहे, फक्त दीडशे वर्षे आधी आणि पितळेच्या चौकटीत.

नेहमीचे वाचन तासाला एक. २ सप्टेंबरच्या सकाळी मात्र तक्त्यातली अंतरे बदलतात. पंधरा मिनिटे, मग पाच मिनिटे. वादळात असे करण्याचा शिरस्ता होता, तरी शिरस्ता आठवून तो अमलात आणणारा कोणीतरी तिथे लागतो. या कागदावर तो माणूस दिसतो तो या आखडलेल्या अंतरांतच.

हे आकडे जवळजवळ दीड शतक छापील तक्त्यांतच पडून राहिले. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरुबक्ष लाखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी त्यांचे नॅनोटेस्ला या चुंबकीय एककात रूपांतर करून प्रसिद्ध केले. यांतले शेवटचे दोघे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. क्षितिजसमांतर बलातली घसरण निघाली सुमारे १,६०० नॅनोटेस्ला. कुलाब्याचे एकूण क्षितिजसमांतर बल सदतीस-अडतीस हजारांच्या घरातले, म्हणजे काही थोडक्या काळात त्याचा चार टक्क्यांहून जास्त भाग नाहीसा झाला. तुलनेसाठी: मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकची वीज घालवणाऱ्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ होता.

इतका मोठा आकडा पाहिल्यावर पहिला संशय उपकरणावर घ्यायचा असतो. धागा सरकला असेल? तसे असते तर वाचन खाली जाऊन तिथेच राहिले असते. इथे ते काही वेळात झपाट्याने बरेचसे वर येते. चुंबक तापला असेल? बंद खोलीत एका तासात जेवढे तापमान चढते त्याने एवढी घसरण होत नाही. एकाच चुंबकाचा दोष असेल? त्याच इमारतीत दिशा आणि उभे बल मोजणारी उपकरणे होती, त्यांचीही वाचने त्या दिवशी विस्कटली. २०२२ साली हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी छापील वार्षिकांवरून तिन्ही घटक पुन्हा मांडले आहेत. वादळ खरे होते. त्याचा तळ कुठे होता, यावर मात्र वाद आहे. १,६०० हे एका क्षणाचे वाचन. वादळाचा जागतिक निर्देशांक तासाच्या सरासरीवर काढतात. २००६ साली जॉर्ज सिस्को आणि सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या वाचनांची तासिक सरासरी घेतली तेव्हा निर्देशांक उणे ८५०च्या जवळ आला. हायाकावांचा अंदाज साडेनऊशेच्या आसपास. एकाच तक्त्यातून दुपटीचा फरक निघतो, कारण फाइलीच्या वरच्या भागातली ‘दोन नोंदींत अंतर किती’ ही ओळ. त्यातही तासाभरात वाचने विषम अंतरांनी घेतलेली असली, तर सरासरी कशी काढायची हा पुन्हा निराळा प्रश्न. मी उणे नऊशेच्या बाजूने आहे, १,६०० हा आकडा खोटा आहे म्हणून मात्र नव्हे. इतर वादळांशी तुलना करायची तर माप एकच असले पाहिजे, एवढेच.

एक आडवळण. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत त्या वेळी नवी कोरी व्यवस्था होती: आरशावरून परतणारा प्रकाश फिरत्या फोटोच्या कागदावर पडे आणि रेघ आपोआप उमटे. १ सप्टेंबरला सूर्यावरचा झोत दिसला त्याच क्षणी तिथल्या रेघेत एक छोटा उंचवटा उमटला, आणि तो आजही पाठ्यपुस्तकांत आहे. पण वादळ भरात आले तेव्हा प्रकाशाचा ठिपका कागदाच्या कडेबाहेर गेला. कुलाब्यात कागद नव्हता, डोळा होता. १८७२ पासून कुलाब्यातही फोटोची पद्धत आली.

चार्ल्स चेंबर्स १८६५ पासून १८९६ पर्यंत प्रमुख होते, आणि फोटोची पद्धत त्यांच्याच कारकिर्दीत रुळली. त्यांच्यानंतर मूस आले. मूस यांचा जन्म १८५९चा, म्हणजे कॅरिंग्टनच्या वादळाच्याच वर्षाचा. त्यांच्या वाट्याला मात्र वेगळे वादळ आले, आणि ते शहरातून. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून धावत होत्या, पहिल्या मार्गांपैकी एक कुलाब्याचाच. शतक बदलताना त्या विजेवर चालवण्याचे ठरू लागले. ट्रामचा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा. तो तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो, पण सगळा रुळांतून जात नाही. काही जमिनीत झिरपतो आणि वाट मिळेल तसा पसरतो. त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते दर ट्रामगणिक बदलते. कुलाब्यातल्या कागदावर मग सूर्य उमटणार नव्हता, ट्रामचे वेळापत्रक उमटणार होते.

विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. तिच्यापासून दूर, अलिबागच्या नव्या ठाण्यात नोंदी सुरू झाल्या एप्रिल १९०४ मध्ये. कुलाब्यातल्या चुंबकीय नोंदी थांबल्या १९०६ च्या एप्रिलच्या सुमारास. या तीन तारखा एका ओळीत लिहिल्या, की त्यांच्यामधल्या दोन मोकळ्या जागा दिसतात आणि दोन्ही मुद्दाम ठेवलेल्या आहेत. ट्राम येण्याआधी एक वर्ष जुने ठाणे बंद झाले. आणि जुने बंद होण्याआधी दोन वर्षे नवे आणि जुने एकाच वेळी चालले.

या दुसऱ्या मोकळ्या जागेवरून एक गोष्ट निश्चित निघते. दोन ठिकाणी एकाच वेळी अखंड नोंद चालू होती, म्हणजे नोंद करणारी उपकरणे दोन संच होती. कुलाब्याचे चुंबक उचलून अलिबागला नेले, असे जे सरसकट म्हटले जाते ते निदान त्या दोन वर्षांपुरते शक्य नाही. अलिबागला स्वतःचा संच होता, आणि म्हणूनच तुलना अपरिहार्य होती.

अलिबाग कुलाब्यापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, बंदराच्या पलीकडे. पण १९०४ साली तिथे जायचे कसे? १८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरमध्ये खाडीवरचे धरमतर भेटते ते बोटीच्या आणि रस्त्याच्या संदर्भात. अंबा नदी सह्याद्रीतून निघून नागोठण्यावरून येते आणि धरमतरपाशी तिची खाडी होते. ही खाडी रेवसजवळ मुंबई बंदराला मिळते. ‘तर’ म्हणजे होडीने पार होण्याची जागा. रत्नागिरीजवळच्या साखरतरमध्ये तोच शब्द आहे. मुंबईहून बोटीने धरमतर, तिथून पोयनाडवरून विसेक किलोमीटर रस्त्याने अलिबाग, ही एक वाट. रेवसला उतरून रस्ता धरायचा ही दुसरी. थेट अलिबागच्या किनाऱ्याला लागायचे ही तिसरी, पण तो किनारा उघड्या समुद्रावर आहे आणि पावसाळ्यात किनाऱ्यालगतची वाहतूक बंद पडे. धरमतर बंदराच्या आत, खाडीत खोल. उपकरणे आणि माणसे वर्षभर ये-जा करणार असतील तर पावसाळ्यात तिसरी वाट बाद होते, हे निश्चित. उरलेल्या दोहोंपैकी धरमतर, हे माझे अनुमान. नाजूक धाग्यांच्या पेट्यांसाठी लांब पण शांत पाण्याची वाट कोणी पसंत केली असेल, असे मला वाटते. याला अनुमानापेक्षा मोठे नाव देत नाही.

अलिबागची इमारत पोरबंदरच्या दगडाची. आपल्याकडचा दगड का नाही? कारण आपला काळा पाषाण लाव्ह्याचा. त्यात लोहाची खनिजे असतात आणि तो स्वतः थोडा चुंबकच असतो. कुलाबा आणि अलिबाग दोन्ही याच पाषाणावर उभी आहेत. म्हणून तीस किलोमीटरवरचे दोन आकडे सारखे येतील अशी अपेक्षाच ठेवता येत नाही. त्यांच्यातला फरक मोजावा लागतो, तोही एका दिवशी नव्हे, वेगवेगळ्या ऋतूंत, शांत दिवशी आणि वादळात. दोन वर्षे त्यासाठी लागली.

आणि त्या दोन वर्षांतच घड्याळ बदलले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबई शहराने ती मानायला बराच विरोध केला आणि आपली ३९ मिनिटे मागची वेळ चालू ठेवली. दोन ठिकाणच्या रेघा एकमेकींवर ठेवून पाहायच्या तर कोणत्या घड्याळाचे दहा वाजले, हे आधी ठरवले पाहिजे. वेधशाळेचा मूळ धंदाच वेळ देण्याचा, त्यामुळे इथे गोंधळ झाला नसावा. पण शेवटच्या काही महिन्यांची पाने उलटताना मी तासांच्या मथळ्यांवर बोट ठेवूनच वाचतो.

फोटोच्या कागदावरची रेघ फक्त चढउतार सांगते. शून्य कुठे आहे ते ती सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या घरात, वेगळ्या उपकरणाने, प्रत्यक्ष बल मोजावे लागते. ही पद्धत कार्ल फ्रीड्रिश गाउस यांनी १८३२ साली घालून दिली, आणि मला ती या सबंध प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटते. एक चुंबक धाग्याला टांगून हलका झोका द्यायचा आणि त्याचे हेलकावे घड्याळाशी लावून मोजायचे. त्यातून मिळतो चुंबकाची ताकद आणि पृथ्वीचे बल यांचा गुणाकार. मग तोच चुंबक ठरलेल्या अंतरावर ठेवून दुसऱ्या टांगलेल्या चुंबकाला तो किती अंश वळवतो ते वाचायचे. त्यातून मिळतो त्याच दोघांचा भागाकार. गुणाकार आणि भागाकार हाती आले, की दोन्ही संख्या सुटतात. चुंबक जुना झाला असो, प्रवासात हादरला असो, उन्हाने मंदावला असो, त्याची आजची ताकद त्याच बैठकीत निघते. उपकरण स्वतःचीच यादी ताजी करते आणि मग मोजते. निरीक्षकाने आत जाण्याआधी किल्ल्या, चाकू, नाणी बाहेर काढून ठेवायची असतात. 

आज धरमतरच्या पुलावर उभे राहिले, की खाली लोखंडाची वाहतूक दिसते. डोळवीच्या पोलाद कारखान्यासाठी कच्च्या मालाचे बार्ज भरतीवर आत येतात. अलिबागची वेधशाळा इथून सरळ रेषेत अठरा-वीस किलोमीटरवर. लोखंडाने भरलेली खाडी आणि लोखंड चालत नाही अशी इमारत इतक्या जवळ, हे पाहून मला पहिल्यांदा धसका बसला होता. मग हिशेब मांडला. लोखंडाच्या तुकड्याचा परिणाम अंतराच्या घनाने उतरतो. जो बार्ज शंभर मीटरवरून सुई हलवेल, तो १९ किलोमीटरवरून ती जवळपास ६९ लाखपट कमी हलवेल. बार्जची चिंता नको. चिंता असते ती एका दिशेने वाहणाऱ्या विजेची, जी जमिनीत उतरून लांब पसरते. मूस ज्याच्यासाठी बंदर ओलांडून गेले ते लोखंड नव्हतेच.

कुलाबा आणि अलिबाग यांच्या वेधशाळांतून १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलला, आणि जागतिक आकडेवारीचे केंद्रही तिथेच चालते. म्हणजे पितळी चौकटीतून निघालेली ही साठ आणि त्यापुढची शंभरहून अधिक वर्षे आता रायगड जिल्ह्यातच, यंत्रांच्या मांडणीत ठेवलेली आहेत. वार्षिक सरासरीच्या जागतिक तक्त्यांत एक लहानशी सोय आहे. ठाण्याची जागा किंवा उपकरण बदलले, की त्या वर्षी ‘जे’ या खुणेची एक जास्तीची ओळ घालतात, आणि तिच्यात जुन्या जागेच्या आकड्यातून नव्या जागेचा आकडा वजा करून लिहितात. ती एक ओळ भरण्यासाठी कोणीतरी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजलेले असावे लागते.

मी २ सप्टेंबर १८५९ चा तक्ता मिनिटाच्या फाइलीत बसवून पाहिला, केवळ कुतूहलाने. या मांडणीत ज्या मिनिटाचे वाचन नाही तिथे ९९९९९ लिहायचे असते. जिथे दर पाच मिनिटांनी नोंद आहे अशा तासात १२ आकडे बसतात आणि ४८ वेळा ९९९९९ येते. वरच्या बारा ओळींत अक्षांश, रेखांश, घटक सगळे भरता आले. संवेदकाच्या दिशेच्या ओळीशी मी अडलो, कारण तिथे यंत्राची दिशा मागतात आणि दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसासाठी रकाना नाही. पण बारा ओळींनंतर, आकडे सुरू होण्याआधी, टिपणाच्या मोकळ्या ओळी घालता येतात. त्यांच्या सुरुवातीला एक जागा सोडून दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची खूण करायची. तिथे लिहिले: ग्रब, डब्लिन; वाचन डोळ्याने.